बाहेरचा आवाज शून्यावर, तरी मी ऐकत होते

मी गाणी जुळवायची एक जुनी पेटी आहे. लोक मला मिक्सर म्हणतात. पण मित्रांनो, वाटणघाटण घेऊन माझ्याकडे येऊ नका, मी त्यातली नव्हे. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात असं मिसळते, की नाचणाऱ्याचं पाऊल चुकत नाही.

कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या. दोन गाण्यांना दोन उभ्या दांड्या दिल्या आणि मधे एक आडवी. ती सरकेल त्या बाजूचं गाणं वर येतं. हिरवे दिवे म्हणजे सगळं ठीक. लाल पेटला, तर आवाज फाटतोय, हात आवरा. पाठीमागच्या भोकांत तार खुपसून पूर्वी गाणी कॅसेटवर उतरवायची. पेनड्राइव्हलाही जागा आहे. हल्लीच्या पेट्या नुसत्या दिव्यांनी नटतात. नटोत बापड्या!

पुष्कळ लग्नं गाजवून मी एका सूनबाईकडे आले. ती मला जेवणाच्या टेबलावर मांडायची.

"टेबल जेवायला असतं. उचल ही अडगळ," सासूबाई म्हणायच्या.

"अर्धाच तास, आई."

"तुझा अर्धा तास म्हणजे माझं अर्धं आयुष्य!"

चाकांचे बूट घालून फिरायच्या एका हॉलला गाणी वाजवणारं माणूस हवं होतं. अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग चारच्या आत द्यायचं होतं. आधी दोन हॉलांनी सूनबाईला नकार दिला होता. "हे जमलं नाही तर पेटी विकते," ती म्हणाली. माझ्या पोटातल्या तारा गार पडल्या.

शेजारचं बाळ झोपलेलं, म्हणून तिनं बाहेरचा आवाज शून्यावर आणला, कानाला हेडफोन लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पण माझ्यात रेकॉर्डिंगचा रस्ता वेगळा आहे. बाहेर शून्य असलं तरी तिकडे सगळं जातं. आणि माईकचं बटण सकाळपासून चालू राहिलेलं. हेडफोनात तिला फक्त गाणी येत होती.

सासूबाई माईकशेजारीच मटार सोलायला बसल्या. सुनेचे कान झाकलेले पाहून, हेडफोनातून झिरपणारं गाणं ऐकत मटारांशी बोलू लागल्या.

"थांब, घाई नको... हं, आता सोड! जमलं की गं भवाने! सुईत दोरा ओवावा तसं ओवलंस. त्या दोन हॉलवाल्यांना कान कुठले? डोक्याला दोन बटाटे चिकटवलेत नुसते. पण हे तिला सांगायची सोय नाही, डोक्यावर बसेल."

मी सगळं इमानानं भरून घेतलं. सूनबाई मात्र न ऐकताच पेनड्राइव्ह घेऊन पळाली.

संध्याकाळी ती दारातच उभी राहिली. "आई, तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये आहात."

"मी? मी तर शेंगा सोलत होते."

"शेंगांचाही आवाज आलाय."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे गेलं काम?"

"मॅनेजरनी शेवटपर्यंत ऐकलं. हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. म्हणाले, गाणी छान जुळवलीत, सोमवारपासून या. आणि या बाईंनाही आणा." मग ती हळूच म्हणाली, "सुईदोऱ्याचं खरंच म्हणालात?"

"आता पुरावाच आहे म्हटल्यावर नाही कशी म्हणू?"

तेव्हापासून दर दुपारी आम्ही तिघी हॉलवर असतो. सूनबाई गाणी जुळवते आणि सासूबाई माईकवरून ओरडतात, "लाल टोपीवाले काका, भिंत सोडा, तुम्ही नाही धरली तरी ती पडत नाही!"

मित्रांनो, माझ्यावर चहाचा कप ठेवू नका. काम झालं की झाकून ठेवा. रेकॉर्डिंग कुणाला देण्याआधी एकदा ऐका, दर वेळी नशीब मटार सोलत बसलेलं नसतं. आणि कुणाबद्दल चांगलं बोलायचं असेल, तर त्याच्या कानावरचा हेडफोन आधी काढा.

सासूबाई मला अजून अडगळच म्हणतात, तेही माईकवरून. पण मला झाकायचं फडकं रोज त्याच धुतात, आणि त्या फडक्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.