माझ्या तिसऱ्या पायाजवळची अंडी

मी तीन पायांचं घडीचं स्टूल बोलतोय. आधीच शपथेवर सांगतो, पुढचा शब्दन्‌शब्द खरा आहे. शपथ घ्यायला मला हात नाहीत, पण पाय तीन आहेत. तुमच्यापेक्षा एक जास्तच.

एका राजाच्या सिंहासनातून उरलेल्या सागवानातून माझा जन्म झाला. म्हणजे अगदी सिंहासन नव्हे, मुख्याध्यापकांची खुर्ची होती. खुर्चीही नव्हती म्हणा, सुताराची मोडकी शिडी होती. पण शिडी होती हे मात्र पक्कं. सुतारानं तिचे तीन दांडे कापले, मध्ये बोल्ट घालून आवळले, वर चामड्याचा त्रिकोण ठोकला आणि म्हणाला, "बसून बघा." बसल्या त्या डॉक्टरबाई.

डॉक्टरबाई दातांच्या. चौतीस वर्षं लोकांच्या तोंडात वीतभर अंतरावरून डोकावण्यात गेली. दवाखाना बंद केला त्याच दिवशी त्यांनी दुर्बीण आणली आणि घरात जाहीर केलं, "आता जे बघायचं ते लांबचं!" तेव्हापासून रोज सकाळी मला काखोटीला मारून त्या गावाबाहेरच्या तळ्यावर जात. तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर वठलेली झाडं.

जित्याची खोड ती. तळ्याचे त्यांनी जबड्यासारखे चार भाग पाडले होते. वहीत नोंदी अशा: "वरचा डावा, तिसऱ्या खुंटावर खंड्या, सात वाजून दहा." किंवा, "खालचा उजवा, लव्हाळ्यात पाणकोंबडी, पिल्लं पाच."

त्या लांबचं बघत, मी जवळचं. माझी नजर माणसाच्या गुडघ्याच्या वर सहसा जात नाही. थंडीत त्या दूरदेशाहून आलेली बदकं मोजत, तेव्हा मी गवतावरच्या कोळ्याच्या जाळ्यांत अडकलेलं दव बघे. पावसाळ्यात माझे पाय चिखलात रुतत आणि एखादा बेडूक माझ्याखाली बिऱ्हाड थाटे. उन्हाळ्यात पाणी मागे सरके, चिखल तडके आणि त्या भेगांतून मुंग्या आपली अंडी तोंडात धरून घरं बदलत.

आता मुद्द्याचं. अकरा उन्हाळे एक टिटवी बेटावरच्या खड्यांत अंडी घालत होती. बाराव्या उन्हाळ्यात तळं इतकं आटलं की बेट काठाला येऊन चिकटलं आणि गावातली कुत्री कोरड्या पायांनी तिथं जाऊ-येऊ लागली. टिटवीनं हे पाहिलं आणि जागा बदलली. डॉक्टरबाईंच्या वहीनं काही बदललं नाही.

त्यांनी मला नेहमीच्या जागी, काठावरच्या खडीत मांडलं. माझ्या तिसऱ्या पायापासून वीतभर अंतरावर चार खडे होते. खडे कधी एकमेकांसारखे नसतात, हे होते. मातकट, काळ्या ठिपक्यांचे, चारींची निमुळती टोकं आतल्या बाजूला. खडे कसले, अंडी! डोक्यावर टिटवी घिरट्या घालून किंचाळत होती आणि डॉक्टरबाई दुर्बिणीतून बेट न्याहाळत होत्या.

त्यांची नणंद चालण्याचा व्यायाम म्हणून सोबत येई. चालणं कमी, बोलणं फार. ती सतरंजी टाकून शेजारी बसली होती.

"वहिनी, ही बया तुलाच शिव्या घालतेय हं."

"मला कशाला घालेल? बेटावर कुत्रं गेलंय, त्याला घालतेय."

"कुत्रं केव्हाच घरी जाऊन झोपलं."

"तू गप्प बसशील जरा? घरटं बेटावर आहे. अकरा वर्षांचं लेखी आहे माझ्याकडे."

"टिटवीनं वाचलंय का ते?"

डॉक्टरबाईंनी दुर्बीण पुन्हा बेटावर रोखली.

पाच दिवस हेच. निदान अधूनमधून दोघी काठानं फेरी मारायला उठत. त्या लांब गेल्या की टिटवी पाण्यात पोट बुडवून धावत येई आणि ओल्या पिसांनी अंडी गार करी. परतणाऱ्या चपलांचा आवाज झाला की पुन्हा आकाशात. त्या चपला कुठं पडतील या काळजीनं माझं चामडं सैल व्हायचं.

सहाव्या दिवशी डॉक्टरबाईंचा चेहरा उतरलेला होता.

"टिटवीनं तळं सोडलं की काय गं? पाणी संपलं म्हणून?"

"टिटवी समुद्र आटवते म्हणतात. हे तळंही तिनंच आटवलं असेल."

"चेष्टा नको. आज घरटं दिसल्याशिवाय मी उठायची नाही."

झालं! फेरी नाही म्हणजे ओली पिसं नाहीत. सकाळी डॉक्टरबाईंची लांब सावली अंड्यांवर होती, तोवर निभावलं. मग ऊन वर चढलं आणि सावली आखडू लागली. एक अंडं उघड्यावर पडलं. थोड्या वेळानं दुसरं. खडी तव्यासारखी तापत होती.

"छत्री उघडू का? डोकं तापेल तुझं," नणंद म्हणाली. उघड, बाई, उघड! मी मनातल्या मनात हात जोडले, म्हणजे पाय.

"नको. छत्रीनं पक्षी बिचकतात."

तिसरं अंडं उन्हात आलं. टिटवीचा आवाज बसला होता, तरी ती ओरडत होती.

मला ओरडता येत नाही. मला एकच गोष्ट करता येते: मोडता येतं. पण कुठला पाय? तिसरा मोडला तर डॉक्टरबाई अंड्यांवर आणि चारींचा चुराडा. दुसरा मोडला तर डॉक्टरबाई मागच्या दगडावर आणि कंबरेचा चुराडा. उरला पहिला, नणंदेच्या बाजूचा. ती बाजू मऊ होती. मी डोळे मिटले आणि पहिला पाय मोडला. कडाड!

"आई गं! वहिनी, मी माणूस आहे, गादी नाही!"

डॉक्टरबाईंचा चष्मा खडीत उडाला होता. नणंदेच्या मांडीवर आडव्या पडून त्या तो चाचपडू लागल्या आणि हात मध्येच थांबला. नाकापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. या अंतरावरून काही पाहिलं आणि चुकलं, असं त्यांच्या बाबतीत चौतीस वर्षांत झालं नव्हतं.

"हलू नकोस," त्या कुजबुजल्या.

"कशी हलू? तू माझ्या अंगावर आहेस."

"अगं, सहा दिवस ती मलाच सांगत होती गं."

नणंदेच्या जिभेवर 'मी म्हटलं नव्हतं?' आलेलं मला स्पष्ट दिसलं. तिनं ते गिळलं. दोघी रांगत मागे मागे गेल्या, मला उचलायलाही थांबल्या नाहीत. काही क्षणांतच टिटवी आली, पोटाची पिसं निथळत, आणि अंड्यांवर बसली.

पुढचे अठरा दिवस मी तिच्या शेजारी लंगडा पडून होतो. डॉक्टरबाई लांब बाभळीखाली जमिनीवर बसत, बसण्याआधी हातानं जागा चाचपून. एका सकाळी अंड्यांना तडे गेले आणि कापसाच्या बोळ्यांसारखी चार पिल्लं बाहेर आली. वाळली, उभी राहिली आणि दुपारपर्यंत आईमागं पळूही लागली.

आता मी व्हरांड्यात भिंतीला टेकून असतो, पायाला सुतळी गुंडाळलेली. तळ्यावर ॲल्युमिनियमचं नवं स्टूल जातं. बाबांनो, माझं एवढंच मागणं आहे: कुठंही बूड टेकण्याआधी खाली बघा. आणि कुणी डोक्यावर ओरडत असेल तर दुसऱ्या कुणाला ओरडतंय असं लगेच धरून चालू नका.

राहिलं शपथेचं. तुम्ही म्हणाल, पाय मुद्दाम मोडल्याची ती थाप. सुतारही तेच म्हणतो. बोल्ट गंजला होता म्हणे. म्हणू दे. मी तिथं होतो, तो नव्हता.

थाप मी दुसरीकडेच मारली. पिल्लं चार नव्हती, तीन होती. सावली सगळ्यात आधी ज्याच्यावरून सरकली, ते अंडं तसंच राहिलं. टिटवीनं ते चोचीनं दोनदा उलटवलं, मग तीन पिल्लं लांब जायला लागली म्हणून ती उठली. मला चार सांगायला बरं वाटतं, म्हणून मी येणाऱ्याजाणाऱ्याला चारच सांगतो. डॉक्टरबाईंच्या वहीत मात्र तीनच आहेत. चौथ्यापुढं त्यांनी कारणही लिहिलंय: "मी बसले होते."