तेवीस इंची फळ्या

न्यू हॅम्पशरच्या त्या खोऱ्यात घरोघरी जमिनीला पाइनच्या फळ्या होत्या, आणि प्रत्येक फळी बरोबर तेवीस इंच रुंद. चोवीस इंचांहून जाड पाइन इंग्लंडच्या राजाचा, मग तो तुमच्या शेतात का उभा असेना. अंमलदार कुऱ्हाडीचे तीन घाव घालून त्यावर बाणाची खूण करी. इंग्लंडातली उंच झाडं केव्हाच संपली होती. डोलकाठीशिवाय जहाज नाही आणि जहाजाशिवाय व्यापार नाही, हे राजाला पक्कं ठाऊक होतं. लोकांनाही पोटाचं गणित ठाऊक होतं. ते जाड झाड गुपचूप पाडत आणि फळी कापून तेवीसवर आणत.

लाकूड कापायची गिरणी होती विधवा मेहिटाबलबाईंची. नवऱ्यामागे तेवढीच राहिली होती.

एके दुपारी दारात एक माणूस आला. भांडी सांधतो म्हणाला. पण त्याच्या पिशवीतून भांड्याचा आवाज येत नव्हता. बाईंनी ते हेरलं. तरी गळकी किटली पुढे केली, मक्याची भाकरी आणि काकवी दिली.

"बेटांवरची काकवी," तो बोट चाटत म्हणाला. "तुमच्या फळ्या तिकडे, काकवी इकडे. बरं चाललंय."

"आमच्या फळ्या कुठं जातात त्याच्याशी तुला काय करायचंय? किटली बघ."

तो जमिनीवर बसला. एक वीत इकडे, एक वीत तिकडे, असा त्याचा हात फळीवर फिरत राहिला.

"सगळ्या तेवीस. तुमचे पाइन भारी शिस्तीचे दिसतात, बाई. दोन फुटांपुढे जायची एकाचीही छाती नाही."

"थंडी फार. वाढ खुंटते."

"तुमच्या जिभेची नाही खुंटली," तो हसला. बाई हसल्या नाहीत.

तो गेला. किटली होती तशीच गळत होती.

बाई तडक गिरणीत आल्या. तिथे भुशाच्या डोंगराखाली अकरा जाड ओंडके दडवले होते, त्यांतल्या तीन ओंडक्यांवर राजाचा बाण. सापडले तर गिरणीच जप्त.

"जोथम, बैल जोड. ओंडके दलदलीत न्यायचे."

"आई, दोन महिने कुणाला दिसले नाहीत. राहू देत ना."

"तो भांडीवाला नव्हे. उद्या येऊन भुसा उपसेल. जोड म्हणते ना."

अंधार पडायच्या आत अकराही ओंडके दलदलीत गेले. वर फांद्या टाकल्या.

सकाळी तो आला. हातात कुऱ्हाड, मागे दोन शिपाई. बाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"भुसा हवा तेवढा उपसा."

त्याने भुशाकडे पाहिलंही नाही. तो खाली पाहत होता. अकरा ओंडक्यांनी ओल्या मातीत गुडघाभर खोल चर पाडला होता, गिरणीपासून थेट दलदलीपर्यंत.

"झुडपात दबून बसलेली तितरी दिसत नाही, बाई," तो म्हणाला. "ती उडाली की दिसते. काल मी नुसती टाळी वाजवली."

तो चराच्या कडेकडेने चालू लागला, जराही घाई न करता. गिरणीचं चाक रोजच्यासारखं फिरत होतं. जोथमने उजाडताच पाणी सोडलं होतं.

बाई जोथमकडे वळल्या.

"पाणी बंद कर," त्या म्हणाल्या. "गिरणी आता त्यांची. त्यांच्यासाठी कशाला फिरवायचं?"