शामरावांची बारी

"आजोबा, तुमची बारी! मारो ना उसको!" शेजारची खुशबू ओरडली, तरी शामराव ढिम्म.

शामरावांच्या जुनवानीच्या घरात दर रविवारी दुपारी हा फाशांचा खेळ रंगे. नातू पियूष गोष्ट रचायचा, राक्षस चालवायचा. बाकीच्यांनी एकेक वीर व्हायचं. लढाई जुंपली की फासे टाकून बाऱ्यांचा क्रम ठरे; आपली बारी राखून ठेवून मध्येच वापरली तरी चाले. वीर मेला, की वहीतलं त्याचं नाव कापायचं. पियूषचा कायदा मोठा कडक.

आज नात दीक्षाची तलवारवाली किल्ल्याच्या चौकात शेवटच्या घटका मोजत पडली होती. तीन वर्षं तिनं ती जपली होती. आणि उद्या दीक्षा नोकरीसाठी पुण्याला निघणार. आजी गेल्यावर सुन्न बसून राहिलेल्या म्हाताऱ्याला या टेबलाशी ओढून आणलं होतं ते तिनंच. तिचं नाव आज कापलं जाऊ नये, एवढंच शामरावांना हवं होतं.

आधी शामराव, मग राक्षस, मग खुशबूची जखमा भरणारी वैदूबाई, असा क्रम लागला होता. शामरावांचा वीर चौकाच्या वर ओढलेल्या दरवाजाची साखळी धरून उभा होता.

"दरवाजा अभी गिरा दो ना," खुशबू म्हणाली.

"आत्ता पाडला तं तो मागच्या वाटेनं येईन. मी थांबतो. तो धावत दरवाजाखाली आला, का सोडतो साखळी."

शामराव चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. बाजूच्या लूप लाइनवर उभं राहून एक्स्प्रेस पुढे जाऊ देण्यात हयात गेलेली. थांबण्यात त्यांचा हात कोण धरणार!

राक्षस धावला. साखळी सुटली. दरवाजाखाली सापडून त्याची बारी वाया गेली आणि वैदूबाईनं तलवारवालीला उठवून बसवलं. दीक्षा आजोबांच्या गळ्यातच पडली.

"कसं सुचते हो तुमाले!"

पुढच्या रविवारी तिची खुर्ची रिकामी होती. पियूषनं वही उघडली आणि दीक्षाच्या नावावर पेन टेकवलं.

"कावून कापून राहिला रे?" शामराव म्हणाले. "जिवंत हाये ना ती?"

"पण आजोबा, ती इथं नाही. तिची बारी आली तर काय करायचं?"

"थोडं थांबायचं."

तिचा फासा शामरावांनीच टाकला. तिची बारी आली तेव्हा तिघंही थोडं थांबले. मग शामरावांनी खुशबूकडे पाहून हात हलवला.

"चाल, आता तू."