मालकांचा वक्तशीरपणा

कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर मास्तरीणबाईंचा शब्द अखेरचा. हाताखालच्या चेल्याला कात्री धरायला त्यांनीच शिकवलं. त्याला घरासाठी कर्ज हवं होतं तेव्हा जामीनही त्याच राहिल्या. म्हणजे जामीन राहायला बँकेत गेल्या. बँकेतल्या माणसानं दोघांचे कागद पाहून चष्मा पुसला.

"बाई, यांचा पगार तुमच्याहून बराच जास्त आहे. खरं तर यांनी तुम्हाला जामीन राहावं."

चेला खुर्चीत आकसला. "आईशप्पथ बाई, मला वाटायचं तुम्हाला माझ्या दुप्पट असेल!"

"मलाही तसंच वाटायचं," बाई म्हणाल्या.

कारखान्यात कुणाला पगार विचारणं हे वय विचारण्याहून वाईट समजत, म्हणून हे झाकलेलं इतकी वर्षं झाकलेलं राहिलं.

बाईंनी कामगार कार्यालयात तक्रार टाकली: काम एकच, पण पुरुषाला जास्त पगार आणि बाईला कमी. सुनावणीला मालक वकिलाशिवाय आले. वकील पैसे घेतो, आणि मालकांचा स्वतःच्या जिभेवर फार विश्वास.

"तक्रारीची मुदत सहा महिने," ते अधिकारीणबाईंना म्हणाले. "हे पगार ठरले कधी, तर हा पोरगा कायम झाला तेव्हा. त्याला झाली सात वर्षं. वरातीमागून घोडं!"

बाई मनाशी म्हणाल्या, कळलंच आत्ता, तर तक्रार आधी करणार कशी?

"मधे कधी पगार थांबला, चुकला?" अधिकारीणबाईंनी विचारलं.

मालक मनापासून दुखावले. "माझ्याकडे? अहो, पूर आला तरी एक तारीख टळली नाही! या महिन्यातसुद्धा ह्यांना ह्यांचा कमी, त्याला त्याचा जास्त, चहाच्या आत हातात!"

"म्हणजे या महिन्यातही कमी दिला," अधिकारीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "आमच्या नियमात प्रत्येक कमी पगार हा नवा अन्याय. मुदत तिथून मोजायची. तक्रार दाखल. मात्र बाई, जुनी वर्षं गेली ती गेली. मागचे सहा महिने आणि इथून पुढचं, त्यावर बोलू."

"वक्तशीरपणा हा गुन्हा झाला का आता?" मालक ओरडले.

"छे! तुमच्या बाजूनं सध्या तेवढंच आहे."

जिन्यात मालक घाम पुसत थांबले. बाईंनी त्यांना गाठलं.

"पुढच्या तारखेला मला रजा लागेल. चेल्यालाही, साक्ष द्यायला येतोय."

"मग कटिंग कोण करणार?"

"तुम्हीही इथंच असणार ना? कारखाना बंद ठेवा." बाई दोन पायऱ्या उतरल्या आणि मागे वळल्या. "पगारी हं."