बंद करू का, साहेब?

"अहो, आज तरी वेळेवर याल का?"

बायकोने हे विचारलं तेव्हा तो एका हाताने बूट चढवत होता आणि कानाशी धरलेल्या फोनवर कुणाला तरी बजावत होता, "साबणाचा नवा ड्रम मी आल्याशिवाय उघडायचा नाही. कळलं?" फोन खिशात टाकून तो बायकोकडे वळला. "वेळेवर? अगं, मला मरायला फुरसत नाही! माझ्यावाचून तिथे पान हलत नाही."

"हलत नाही, की तुम्ही हलू देत नाही?" ती म्हणाली. पण तोवर तो जिना उतरून गेलाही होता.

वाचकहो, असे गृहस्थ आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचे असतात. कुणाच्या ऑफिसात, कुणाच्या घरात, आणि खरं सांगायचं तर अधूनमधून आपल्याच आरशात.

हा गृहस्थ एका मोठ्या लाँड्रीचा मॅनेजर होता. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, खानावळींची टेबलांवरची कापडं असे गठ्ठेच्या गठ्ठे तिथे यायचे. एका बाजूला धुवायची यंत्रं, मधे सुकवायचे माणूसभर उंचीचे ड्रायर, पलीकडे इस्त्रीचे गरम रूळ. गठ्ठे उचलण्यापासून सुरुवात करून तो मॅनेजर झाला होता. प्रामाणिक होता, कष्टाळू होता. सकाळी सगळ्यांत आधी यायचा आणि सगळ्यांत शेवटी जायचा. त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

पण ट्यूब बदलायची तर साहेबांना विचारा. सुईदोरा संपला तर साहेबांना विचारा. गठ्ठा या गाडीत टाकायचा की त्या, तेही साहेबांनाच विचारा! त्यात त्याने कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं की प्रमुखाला विचार करायला निवांत वेळ हवा. झालं! केबिनच्या दारावर लाल दिवा बसला. दिवा लागला की दार वाजवायचं नाही. मग बाहेर माणसं हात बांधून ताटकळत उभी राहायची. आणि दार उघडून साहेब त्यांनाच म्हणायचे, "काय माणसं आहात! स्वतःहून म्हणून काही करत नाही!"

एकाने स्वतःहून केलं होतं. ड्रायर सांभाळणारा थोराड, अबोल माणूस होता. सगळे त्याला ड्रायरदादा म्हणत. यंत्रातून काहीतरी वेगळाच आवाज येतोय असं वाटून त्याने एकदा ते थांबवलं. उघडून पाहिलं तर काहीच नव्हतं. पण तेवढ्यात एका हॉटेलचा माल उशिरा गेला. मॅनेजरने सगळ्यांना गोळा केलं आणि सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं.

"तुला पगार मशीन चालवायचा मिळतो, डोकं चालवायचा नाही!"

साहेब हसले म्हणून बाकीचेही हसले. ड्रायरदादा मान खाली घालून उभा राहिला. त्या दिवसापासून तो डोकं घरी ठेवूनच कामाला येऊ लागला.

आता सुरुवातीच्या त्या सकाळबद्दल सांगतो.

ड्रायरच्या जाळीत कपड्यांचा कापसासारखा भुसा साठतो. तो रोज काढावा लागतो, कारण ठिणगी मिळाली तर तो भडकायला वेळ लागत नाही. एका ड्रायरच्या जाळीची कडी तुटून ती अडकून बसली होती, त्यामुळे भुसा निघत नव्हता. नवी कडी बाजारातून आणायला साहेबांचा होकार हवा होता, आणि साहेबांना वेळ नव्हता.

त्या सकाळीही नव्हता. केबिनचा लाल दिवा लावून साहेब आत बसले होते. टेबलावर कापडाचे तुकडे पसरले होते. कामगारांच्या नव्या गणवेशाची कॉलर निळी ठेवावी की राखाडी, यावर गहन विचार चालला होता. मधेच त्याला जळकट वास आला. 'इस्त्रीवाली पुन्हा कापड करपवतेय वाटतं,' असं म्हणून त्याने राखाडी तुकडा उजेडात धरला. वास काही जाईना. शेवटी तो वैतागून उठला आणि त्याने दार उघडलं.

दारात ड्रायरदादा उभा होता. त्याच्यामागे रफूवाल्या मावशी, त्यांच्यामागे इस्त्रीवाली. तिघंही रांगेत, शिस्तीत! आणि त्यांच्या डोक्यावरून, छताला चिकटून, काळा धूर सरपटत येत होता.

"साहेब," ड्रायरदादा खोकत खोकत म्हणाला, "त्या कोपऱ्यातल्या ड्रायरमधून धूर येतोय. बंद करू का?"

मॅनेजरला शब्द ऐकू आले, पण अर्थ डोक्यात शिरेना.

"आणि साहेब, आगीच्या बंबाला फोन करायचा का?" मावशींनी हातातला फोन पुढे केला. "नंबर काढून ठेवलाय. तुम्ही हो म्हणालात की लावते."

"कधी... कधीपासून उभे आहात?"

"झाला की बराच वेळ. दिवा लाल होता ना."

आग लागली होती, आणि त्याची माणसं परवानगीसाठी रांगेत उभी होती!

"बंद कर! लाव फोन! पळा!" तो किंचाळला.

पण आता बंद करणं सोपं राहिलं नव्हतं. स्विच ड्रायरच्या मागच्या भिंतीवर होता आणि वाटेतल्या गठ्ठ्यांनी पेट घेतला होता. ज्याच्यावाचून पान हलत नव्हतं, त्या साहेबांचे स्वतःचे पायच हलेनात. ड्रायरदादाने मात्र ओली चादर अंगाभोवती गुंडाळली आणि तो आत घुसला. खटका पडल्याचा आवाज आला. यंत्र थांबलं. तो परत फिरला आणि वरचा पेटता गठ्ठा घसरून त्याच्या हातांवर कोसळला.

आगीचा बंब आला. पाण्याने सगळं चिखलमय झालं. बाकी कुणाला खरचटलंही नाही. पण ड्रायरदादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

त्याला ज्या दवाखान्यात नेलं, तिथे मॅनेजरची थोरली बहीण वॉर्डची इन्चार्ज होती. अख्खा दवाखाना तिला सिस्टर म्हणायचा. ताई म्हणायचा हक्क या एकट्याचा. आत ड्रायरदादाला मलमपट्टी चालली होती. बाहेर बाकावर हा भिजलेल्या कपड्यांत बसला होता. ताईने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"ताई, मला कळतच नाही गं!" तो म्हणाला. "आगीला कुणी परवानगी मागतं का? एवढीही अक्कल नसावी यांना?"

"अक्कल होती रे. वापरली की तू ओरडतोस, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं."

"म्हणजे चूक माझी? मी दिवसरात्र मरमर मरतो! सगळं एकट्याच्या खांद्यावर घेऊन..."

"कुणी सांगितलं होतं एकट्याने घ्यायला?" ताई त्याच्या शेजारी बसली. "मागे मला ताप आला आणि मी घरी झोपून होते, आठवतं? तेव्हा वॉर्डात एका आजोबांचा श्वास अडकला. जी सिस्टर ड्यूटीवर होती ती अगदी नवीन होती. तिने मला फोन केला नाही. ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना ओढत आणलं, आणि आजोबा वाचल्यावर मला कळवलं. मी काय केलं असेल?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"पेढे मागवायला सांगितले तिला, माझ्या खर्चाने! अरे, मी नसताना माझी माणसं रोग्याला वाचवतात, हीच माझी कमाई. तुझ्याकडे तू दाराआड बसलास तर माणसं जळायची वेळ येते. याला तू आपलं महत्त्व समजतोस?"

"पण चुका झाल्या तर?"

"होतील. सुधारता येतील. तुझा वेळ तुला एवढा मोलाचा वाटतो, मग तुझ्या होकारासाठी जे तासन् तास उभे राहतात, त्यांचा वेळ काय फुकटचा आहे? जा, आत जा. त्याला भेट."

तो आत गेला. ड्रायरदादाचे हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले होते. साहेबांना पाहून तो उठू लागला.

"पडून राहा," मॅनेजर घाईघाईने म्हणाला. "दादा, तुला... तुला कळलं नव्हतं का, की बंद करायला हवं?"

"कळलं होतं साहेब. धुराची पहिली रेघ दिसली तेव्हाच हात स्विचवर गेला होता." तो ओशाळून हसला. "पण म्हटलं, मागच्यासारखं काहीच निघालं नाही तर? पुन्हा सगळे हसतील. म्हणून हात मागे घेतला."

हात मागे घेतला! मॅनेजरने त्या पट्ट्यांकडे पाहिलं. त्या दिवशी केलेला विनोद त्याला शब्दन् शब्द आठवत होता. एक वाक्य माणसाचा हात असा धरून ठेवू शकतं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो कॉटच्या कडेला बसला आणि सगळ्यांदेखत लहान मुलासारखा रडला.

लाँड्री पुन्हा सुरू झाली तोवर ड्रायरदादाचे हात बरेच भरून आले होते. मॅनेजरने पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा केलं आणि ड्रायरदादाला शेजारी उभं केलं. "यांना मी तुमच्यासमोर बोललो होतो, म्हणून माफीही तुमच्यासमोरच मागतो," असं म्हणून त्याने हात जोडले. कुणाला कुठे बघावं कळेना. मग तो म्हणाला, "यापुढे धोका वाटला तर ज्याला वाटेल त्याने यंत्र थांबवायचं. विचारायचं नाही. चूक निघाली तर ती माझ्या नावावर."

बोलणं सोपं होतं. खरी कसोटी पुढे लागली.

एका भरगच्च दुपारी धुवायच्या यंत्रातून खडखड ऐकू आली आणि रफूवाल्या मावशींनी धावत जाऊन ते बंद केलं. उघडलं तर आत कुणाच्या तरी खिशात राहिलेला चमचा! दवाखान्याचा माल निघायचा होता, गाडी दारात भोंगा वाजवत होती. सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. मावशींचा चेहरा पांढराफटक पडला.

जुना राग मॅनेजरच्या घशापर्यंत आला. पण त्याने तो गिळला.

"बरं केलंत मावशी," तो म्हणाला. "चमच्याऐवजी दुसरं काही असतं तर? गाडीवाल्याला मी सांगतो, थोडा थांबेल."

मावशी डोळे विस्फारून बघतच राहिल्या. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि यंत्रांच्या घरघरीतून हसू उसळलं. या वेळी ते कुणाला टोचणारं नव्हतं.

पुढे साहेबांना वेळ उरू लागला, इतका की उजेडात घरी आलेलं पाहून बायकोने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मित्रांनो, घर असो, ऑफिस असो वा कारखाना, आपल्या हाताखाली कुणी ना कुणी असतंच. त्यांची प्रत्येक गोष्ट आपल्याच होकाराला बांधून ठेवली की आपण फार कामाचे आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात आपण आपलाही वेळ घालवतो आणि त्यांचाही. माणसांना विश्वास द्या, चुकायची मुभा द्या. चारचौघांत कुणाचा पाणउतारा करण्यापूर्वी जीभ आवरा, कारण तो माणूस ते विसरत नाही, आणि ऐन वेळी त्याचा हात थबकतो.

मॅनेजरला हे कळायला एका भल्या माणसाचे हात भाजावे लागले. आपल्यावर ती वेळ येऊ नये!