कागदावरचं जेवण

ताट समोर आल्याशिवाय सुई उघडायची नाही, हा आजींच्या घरचा नियम. नवऱ्याला इन्सुलिन टोचता टोचता त्यांचा हात बसला होता. पण म्हाताऱ्याच्या पायाची जखम चिघळली, इस्पितळात दाखल करावं लागलं आणि सुई वॉर्डातल्या नर्सच्या हाती गेली.

दुपारी आजी औषधं आणायला खाली गेल्या. नर्सने बाराच्या ठोक्याला सुई टोचली. ताट आलं, तोच एक्सरेवाला चाकाची खुर्ची घेऊन हजर. पाऊण तासाने म्हातारा परत आला तेव्हा ताट उचलून नेलेलं होतं, जसंच्या तसं.

आजी वर आल्या तर नवऱ्याचा सदरा घामाने ओलाचिंब, हात लटपटतायत.

"अहो, काय होतंय?"

"तुम्ही कोण?" म्हातारा खेकसला.

आजींनी नर्सला हाक मारली. "अगं ए, यांची साखर उतरलीय! जेवायला दिलं नाहीस?"

नर्स तक्ता घेऊन आली. "जेवलेत, आजी. हे बघा, लिहिलंय."

आजी अक्षरं लावून वाचत, पण 'जेवले' एवढं त्यांना कळलं. "कागद जेवला असेल! मग घाम कागदाला का नाही फुटला?"

"डॉक्टरांना विचारते. तोवर काही देऊ नका."

"विचार तू निवांत. तोवर हे वर पोचतील!" आजींनी पिशवीतली साखर पाण्यात ढवळली आणि पेला नवऱ्याच्या ओठांना लावला. "गिळा. घोट घोट."

नर्स धावत गेली ती मधुमेहाच्या खास नर्सला घेऊनच आली. तिने बोट टोचून यंत्र बघितलं. "अठ्ठेचाळीस. साखर दिलीत ते बरं केलंत, आजी." पंधरा मिनिटांनी तिने पुन्हा मोजली, जेवण मागवलं आणि वॉर्डाच्या नर्सला सुनावलं, "ताट रोग्यासमोर असेल तेव्हाच सुई. घड्याळ बघून नाही."

"हे हिला आधी का नाही शिकवलंस?" आजी तिच्यावरही घसरल्या.

"चारशे खाटांना मी एकटी, आजी. आणखी माणसं द्या म्हणून दोनदा लिहून दिलंय."

"मग ते कागदही कुणीतरी जेवलं म्हणायचं."

संध्याकाळी वॉर्डातली नर्स सुई घेऊन आली. आजींनी नवऱ्याच्या पोटावर पंजा ठेवला.

"ताट कुठंय?"

"येईलच. अजून बारा जण आहेत मला."

"अगं, टोचू दे तिला," म्हातारा पुटपुटला. "दमलीय बिचारी."

"गप्प बसा. दुपारी मला ओळखत नव्हतात."

नर्स पाय आपटत गेली आणि स्वतःच ताट घेऊन आली. तेव्हा कुठे आजींनी हात काढला. सुई झाली. नर्सने सवयीने तक्ता उघडला, तसं आजींनी तिचं पेन धरलं.

"थांब."

म्हाताऱ्याने शेवटचा घास गिळेपर्यंत पेन आजींच्या मुठीत राहिलं. मग त्यांनी ते परत दिलं.

"आता लिही."