मनुबाईचं ठेवणीतलं इंग्रजी

मनुबाईने अट घातली होती ती अशी : डॉक्टरच्या आठवणीच्या परीक्षेत पास झाले तर कोपरीतल्या माझ्या घरात राहीन, नापास झाले तर मुकाट घोडबंदरला येईन. एक्याऐंशी वर्षांच्या बाईने परीक्षेवर एवढा विश्वास टाकला याचं महेंद्रला नवल वाटलं नाही. ती शाळेत कधी गेलीच नव्हती. खरं उत्तर दिलं की मार्क मिळतात, अशी तिची भाबडी समजूत होती.

महेंद्र तिचा एकुलता एक मुलगा. घोडबंदर रोडवर एकोणिसाव्या मजल्यावर त्याने आईसाठी खोली तयार ठेवली होती, त्याच्या बायकोने, रसिकाने, पडदेसुद्धा लावून घेतले होते. गेल्या महिन्यात आईच्या हातून दोनदा दूध करपलं. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हापासून तो तिला घरी न्यायचं म्हणत होता. आई नापास व्हावी असं काही तो म्हणाला नसता. पण ती पास व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसला होता, असंही नव्हे.

डॉक्टर समृद्धी वयाने त्याच्या मुलीएवढी, बोलायला गोड. तिच्याकडे जुन्या घरांतल्या वस्तूंची चित्रं होती, म्हाताऱ्या माणसांना ओळखीची वाटावीत म्हणून मुद्दाम काढून घेतलेली. आजी, कुठल्याही भाषेत नाव सांगा, ती म्हणाली. मनुबाईने पदर सारखा केला आणि लग्नाकार्याला पेटीतली ठेवणीतली साडी काढावी तसं इंग्रजी बाहेर काढलं.

हे इंग्रजी तिला कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये मिळालं होतं. तिचा बाप धाकू कोळी तिथल्या बंगल्यांना मासळी द्यायचा. अकराव्या वर्षी त्याने मनूला एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या घरी मूल सांभाळायला ठेवलं, ती लग्न होईपर्यंत तिथेच राहिली. त्या घरातल्या मड्डमने शिकवलेले शब्द घेऊन ती कोपरीच्या कोळीवाड्यात नांदायला आली. इंग्लंडातल्या लोकांनी केव्हाच टाकून दिलेले हे शब्द सुकटीच्या वासात छान रुळले.

काल दिवसभरात काय काय खाल्लंत, असं डॉक्टरने विचारलं. सकाळी ब्रेकफास्ट, दुपारी टिफिन, रात्री सपर, मनुबाईने क्रम लावून दिला. डबा कोण आणून देतं? डबा कशाला, टिफिन घरीच केला ना, ती म्हणाली. डॉक्टरने काहीतरी लिहिलं. मग जाळीच्या कपाटाचं चित्र आलं. मीटसेफ, मनुबाई म्हणाली. यात मांस कुठे दिसतंय आजी, डॉक्टरने हळूच विचारलं आणि पुन्हा लिहिलं.

महेंद्र गप्प बसला. गप्प राहिलं की काम फत्ते, भांडण नाही, तंटा नाही, आई आपोआप घरी येते. पण मनुबाई त्याच्याकडे वळून पाहत होती, वर्गात आपल्या माणसाकडे पाहावं तशी. त्याला राहवलं नाही. त्याने डॉक्टरला सगळं सांगितलं. टिफिन म्हणजे त्या लोकांकडे दुपारचं जेवण, सपर म्हणजे रात्रीचं, आणि मीटसेफ आमच्या घरात अजून आहे, त्यात दूध असतं. डॉक्टरने मोकळ्या मनाने आधीचे शेरे खोडले. महेंद्रला फार बरं वाटलं, त्याचं त्यालाच नवल.

शेवटचं चित्र लांब मानेच्या मातीच्या सुरईचं होतं.

"गगलेट," मनुबाई म्हणाली.

डॉक्टरने महेंद्रकडे पाहिलं. त्याने आठवून आठवून पाहिलं. हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता, तसं त्याने सांगितलंही. मग डॉक्टरने त्याला बाजूला घेतलं. खरा शब्द सापडेनासा झाला की काही माणसं स्वतःच नवा शब्द बनवतात, ती म्हणाली. ही खूण चांगली नाही, त्यांना एकटं ठेवू नका.

रिक्षात महेंद्रने मनुबाईला निकाल सांगितला. कोपरीला घरी आल्यावर तिने स्वतःच पिशवी काढली आणि लुगडी घड्या करून भरायला घेतली. दिला शब्द पाळणारी बाई. महेंद्र मीटसेफ रिकामं करत होता. सर्वांत वरच्या फळीवर, मागे, कापडात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या हाताला लागलं. मातीच्या सुरईची मान होती, खाली तुटलेली.

"मड्डमच्या खिडकीत असायची," मनुबाई म्हणाली. "ती लोकं देश सोडून गेली तवा मला दिली. तू रांगत होतास, तूच फोडलीस. गगलेट."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस आय? मी हा शब्द ऐकलेलाच नाही."

मनुबाईने हातातलं लुगडं खाली ठेवलं.

"कॉलेजातले मित्र आणलेलेस तू. मी त्यांना सपरला थांबा बोलले, ती पोरं हसली. रात्री तू मला बोललास, आय, तुझं ते इंग्लिश बंद कर. मग मी बंद केलं."

महेंद्रने सुरईची मान परत कापडात गुंडाळली. ठाण्याच्या कॉलेजात दोन वर्षं पोरं त्याला 'सपर' म्हणून हाक मारायची, ते त्याला चांगलं आठवत होतं. आपण आईला काय बोललो, ते मात्र तो सोयीने विसरला होता. चाळीस वर्षं ती त्याच्यासमोर जेवणाला जेवण म्हणत आली होती. सुरई त्याला कळायच्या आधीच फुटली होती, पुढे तो शब्द तिच्या तोंडी यायला त्याने वावच ठेवला नव्हता, आणि म्हणून आज त्याने भर दवाखान्यात तिला खोटं पाडलं होतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्याने डॉक्टरला फोन लावला. तिने लगेच शब्द शोधून पाहिला. "आहे हो शब्द," ती म्हणाली. "जुना आहे, पण सुरईच. आजींचं बरोबर आहे, मीच कच्ची." गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसवून घ्या, मग त्या राहू देत आपल्या घरात, सहा महिन्यांनी परत दाखवा, असं तिने सांगितलं.

महेंद्रने पिशवीतली लुगडी एकेक करून काढली आणि फळीवर होती तशी लावली. मग आईला ऐकू जाईल अशा बेताने त्याने रसिकाला फोन केला.

"मला उशीर होईल," तो म्हणाला. "मी आयकडे सपर करून येतो."

गॅसपाशी गेलेली मनुबाई पाठमोरीच थांबली. तिने पदराने डोळे पुसले, मग विळी पुढे ओढली.

"टेबल लाव," ती म्हणाली. "नॅपकिन मीटसेफच्या खालच्या खणात हायत. चाळीस वर्षं तिथंच ठेवलेत."